गाडीचा पिकअप गेलाय? ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या या गॅरेजला दाखवा

माझी गाडी पेट्रोल-सीएनजी हॅचबॅक, किट कंपनीचंच. कासारवडवलीहून वसईला घोडबंदर रोडने रोजचं जाणं-येणं. गायमुखचा चढ पूर्वी तिसऱ्या गिअरवर आरामात निघायचा, तो दिवाळीनंतर दुसऱ्यावरही जड जायला लागला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी आरपीएमचा काटा तीन हजारांच्या पुढे सरकेना, आणि मागून डंपरचा हॉर्न. स्टार्टिंग एकदम छान, सिग्नलला उभी असताना आवाजही ठीक. फक्त ओढ नाही.

सर्व्हिस सेंटरने आवारातल्या आवारात एक फेरी मारली आणि क्लच सेट बदलावा लागेल म्हणून एस्टिमेट हातात दिलं. याच सेंटरने पावसाळ्यात चेक इंजिनचा दिवा लागला होता तेव्हा स्कॅनर लावून बिघाडाचा कोड पुसून दिला होता. कोड का आला होता, हे कुणीच बघितलं नव्हतं. तो का महत्त्वाचा होता ते पुढे कळेलच.

या गॅरेजवाल्या दादांनी एस्टिमेट बघायच्या आधी किल्ली मागितली. मला शेजारी बसवून गाडी फ्लायओव्हरवर नेली, एकदा सीएनजीवर आणि एकदा पेट्रोलवर. दोन्हीवर तीच रड, म्हणजे किटचा दोष नाही. मग म्हणाले, "ताई, काटा बघा. क्लच घसरत असता तर आरपीएम भरकन चढला असता आणि स्पीड मागे राहिला असता. तुमचा आरपीएमच चढत नाहीये. क्लचला हात लावायचा नाही." एवढ्या एका वाक्यात माझा मोठा खर्च वाचला.

परत आल्यावर स्कॅनर लावला. कोड पी०३०३, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं इंधन नीट पेटत नाहीये. दुसऱ्या कुणी लगेच प्लग, कॉइल, इंजेक्टर सगळं बदलून बिल केलं असतं. यांनी तीन नंबरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारी) काढून दोन नंबरवर लावली, दोन नंबरची तिकडे, आणि पुन्हा चक्कर मारली. आता मिसफायर दोन नंबरला दिसायला लागला. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे गुन्हेगार कॉइलच. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते, त्यामुळे कमजोर झालेली कॉइल आधी सीएनजीवर, आणि तीही चढावर, दगा देते. आयडलिंगला काही कळत नाही ते यामुळे.

नवी कॉइल आणि प्लगचा सेट बसल्यावर मिसफायर गेला, पण ओढ पूर्ण आली नाही. मला वाटतं नव्वद टक्के ठिकाणी इथेच गाडी हातात देऊन "चालवा, हळूहळू सेट होईल" सांगितलं असतं. हे थांबले नाहीत. इंजिन कोमट असतानाच धुराच्या पाइपवरचा पुढचा ऑक्सिजन सेन्सर सोडवला (पूर्ण थंड झालं की आटे धरून बसतात), त्या भोकात प्रेशर गेज बसवला आणि मला ॲक्सिलरेटर द्यायला सांगितलं. अडीच हजार आरपीएमला तिथलं प्रेशर साधारण ३ पीएसआयच्या आत हवं. काटा आठाच्या पुढे गेला. इंजिनचा धूर बाहेर पडायलाच जागा नव्हती. नाक दाबून पळायला लावल्यासारखी गाडी चालली होती.

कॅट, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, खोलून माझ्यासमोर ठेवला. आतली सिरॅमिकची बारीक जाळी एका बाजूने वितळून तिचा काचेसारखा गोळा झाला होता. मागून मोबाइलचा टॉर्च धरला तर कडेच्या एका फटीतूनच उजेड आला. कॉइल अधूनमधून पेटवत नव्हती, तेव्हा न जळलेला गॅस थेट कॅटमध्ये जाऊन तिथे जळत होता, आणि त्या उष्णतेने जाळी गेली. पावसाळ्यात पुसलेला कोड तो हाच असणार. आणि कॉइल न बदलता आधी नवा कॅट टाकला असता, तर तोही गेला असता. क्रम किती महत्त्वाचा असतो ते मी इथे पाहिलं.

नवा कॅट म्हणजे पाच आकडी खर्च. जाळी फोडून डबा पोकळ करून देणारे भरपूर आहेत. मीही विचारलं. दादांनी साफ नकार दिला: "गाडी पळेल, पण सगळं विष लोकांच्या छातीत जाणार. कॅटच्या मागचा सेन्सर रोज कोड देईल तो वेगळाच." मला हे फार आवडलं. घोडबंदरच्या हवेत लहान मुलं शाळेत जातात, त्याचा विचार करणारा मेकॅनिक विरळाच.

मग नवाच कॅट बसवला, आणि बिलाबरोबर जुना कॅट पिशवीत घालून डिकीत ठेवला. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारवाले त्याला चांगला भाव देतात. गुपचूप ठेवून घेतला असता तरी मला कळलं नसतं.

तपासणीचे वेगळे पैसे घेतात, आणि ते आधीच सांगतात. कुरकुर न करता द्या, या गॅरेजमध्ये खरी किंमत त्याच कामाची आहे. पार्ट मागवायला वेळ लागतो, बसायला एक बाकडं आहे, फोन क्वचित उचलतात. एसी आणि डेंटिंग-पेंटिंग करत नाहीत. गाडी सकाळी लवकर न्या, दुपारनंतर गल्लीत टेम्पो लागतात आणि ट्रायल घ्यायला गाडी बाहेरच निघत नाही. शुक्रवारी बंद.