आघातावर शरीरातून काम: नुसती संवेदना की सोबत प्रतीक?

ऑक्टोबरपासून गोव्यात हणजूण, हरमल, मोरजी भागात मानसिक आघातावरच्या देहाधारित उपचारांची शिबिरं सुरू होतात. काही ठिकाणी फक्त श्वास, स्नायू आणि पायाखालची जमीन यांवर काम होतं. काही ठिकाणी त्याला देवी, पुराणकथा, प्राचीन आकृत्या यांची जोड असते. यातून निवड करण्याआधी एक गोष्ट ठाऊक हवी. आघातोत्तर तणाव विकारासाठी (पीटीएसडी) जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये शिफारस केली ती आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धती) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणींवर काम करणारी पद्धत) यांची. दु:स्वप्नं, झोप उडणं, जीव नकोसा होणं असं असेल तर आधी बांबोळीची आयपीएचबी ही सरकारी मानसोपचार संस्था किंवा टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन (14416) गाठा. खालच्या दोन्ही वाटा त्या उपचारांना जोड म्हणून आहेत, पर्याय म्हणून नाहीत.

पहिली वाट साधी आहे. डोळे उघडे ठेवून बसायचं, तळवे जमिनीला टेकवायचे आणि मिनिटभर मान सावकाश वळवत खोली पाहायची. मग अंगात जिथे जरा बरं वाटतं ती जागा शोधायची. कधी ती नुसती कानाची पाळीही असते. तिथून छातीतल्या किंवा पोटातल्या आवळलेल्या जागेच्या कडेला दहा-वीस सेकंद जायचं आणि परत यायचं. अशा तीन-चार फेऱ्या, एकूण पंधरा-वीस मिनिटं, पुरेत. पीटर लेव्हिन यांच्या सोमॅटिक एक्सपीरियन्सिंग पद्धतीचा गाभा हाच आहे: थोडं थोडं, ये-जा करत. इथे चूक होते ती घाईने. ‘सगळं बाहेर येऊ दे’ म्हणून दुखऱ्या जागी बसून राहिलं की श्वास अडतो, हात गार पडतात, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. मूळ प्रसंगातली असहायताच शरीर पुन्हा अनुभवतं. ही लक्षणं दिसली की थांबायचं.

अडचण अशी की पुष्कळांना अंगात काहीच जाणवत नाही. ‘काय वाटतंय?’ विचारलं की ‘काही नाही’ एवढंच उत्तर येतं. दुसरी वाट इथे उपयोगी पडते, कारण बधिर झालेल्या माणसाला संवेदनेपेक्षा चित्र लवकर सापडतं.

पण चित्र कुठलं? सांगे तालुक्यात उसगाळीमळला कुशावती नदीच्या काठी जांभ्यावर कोरलेली सात फेऱ्यांची वर्तुळाकार आकृती आहे. ती हाताशी धरून काम करता येतं. कागदावर मध्ये अधिकचं चिन्ह, त्याच्या चार कोनांत चार काटकोन, प्रत्येक काटकोनापुढे एक टिंब काढायचं आणि टोकं कमानींनी जोडत जायची. बोटासाठी दीड सेंटिमीटर रुंदीची वाट ठेवली तर आकृती सुमारे 24 सेंटिमीटरची होते. ए4 कागद पुरत नाही, ए3 घ्या. बोट फिरवताना दर वळणावर थांबून तळवे जाणवतात का पाहायचं. वाटेला फाटे नसल्याने काही ठरवावं लागत नाही, आणि सतत सावध राहून थकलेल्या मनाला त्यानेच विसावा मिळतो. मात्र तिला ‘चक्रव्यूह’ म्हणू नका. आपल्याकडे तो शब्द उच्चारला की अभिमन्यू आठवतो: आत गेला आणि अडकला. इथे तर ज्या वाटेने आत जातो तिनेच बाहेर येतो. मध्येच बोट उचलू नका, परतीचा प्रवासही पूर्ण करा.

कथांच्या बाबतीत हा धोका आणखी मोठा. गोठलेल्या देहाला अहल्येची शिळा अचूक लागू पडते, पण त्या कथेला दोष आणि शाप चिकटलेले आहेत, शिवाय सुटका दुसऱ्याच्या पावलाने होते. लैंगिक अत्याचार सोसलेल्या बाईपुढे ती ठेवूच नये, असं आमचं ठाम मत आहे. नीलकंठ घशातल्या गाठीशी जुळतो, पण ‘विष गिळून गप्प राहा’ असाही त्याचा अर्थ निघतो, आणि तो तर घरात आधीच ऐकून झालेला असतो. सुरुवातीला आम्ही सातेरीचं, म्हणजे गोव्यात वारुळाच्या रूपात पुजल्या जाणाऱ्या देवीचं, वारूळ (रोयण) सुचवू. मातीचा कण कण रचत उभं राहिलेलं ते रूप, त्यात अपराधी कुणी नाही. ओंजळभर ओलसर माती तळहातांवर घेऊन तिचं वजन कोपरापर्यंत कुठे पोचतं ते पाहायचं, दोन-तीन मिनिटं. वारुळाला मात्र हात लावायचा नाही. ते पूजास्थान आहे, शिवाय आत साप असू शकतो.

दोन प्रकारच्या लोकांनी प्रतीकांची वाट टाळावी. घाव देवळात, चर्चमध्ये किंवा घाड्याच्या (भूतबाधा उतरवणाऱ्याच्या) उपायांतून झाला असेल, तर तेच चिन्ह भीती जागी करतं. आणि ज्यांना आवाज ऐकू येतात किंवा प्रतिमा खऱ्या वाटू लागतात, त्यांनी आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. अंगात अवसर (देवाचा संचार) येणं आणि उपचारात अंग थरथरणं यांची सरमिसळ करणाऱ्याकडे तर जाऊच नका.

शिकवणाऱ्याला विचारा: प्रशिक्षण किती काळाचं? सोमॅटिक एक्सपीरियन्सिंगचं पूर्ण प्रशिक्षण सुमारे तीन वर्षांचं असतं, शनिवार-रविवारचं नव्हे. प्रतीक मी नाकारलं तर चालेल का? आणि पर्यटनाचा हंगाम संपल्यावर एप्रिलमध्ये कोण भेटेल? मार्चअखेर गाव सोडणाऱ्याकडे जानेवारीत काम सुरू केलं तर ते नेमकं अर्ध्यावर सुटतं.