डोलो ६५०: हाडाच्या हलक्या दुखण्यापुरते चार तारे

साधी पॅरासिटामॉलची गोळी, ६५० मिलिग्रॅम. परळ असो की विरार, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते, पाकिटात १५. कॅन्सर हाडात उतरला म्हटल्यावर "आता या तापाच्या गोळीने काय होणार" असं घरच्यांना वाटतं. पण दुखणं शून्य ते दहाच्या मापावर (दहा म्हणजे असह्य) तीनच्या आत असेल तर सुरुवात हिच्यापासूनच होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कॅन्सरच्या दुखण्यावरच्या औषधांसाठी आखलेल्या पायऱ्यांतली ही पहिली.

तक्रार गोळीपेक्षा घेण्याच्या पद्धतीची. दुखलं की घेतली, थांबलं की विसरली, मग "लागूच पडत नाही". वेळ ठरवून एकेक घ्यायची: सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६, रात्री झोपताना; दिवसाला २.६ ग्रॅम, म्हणजे पाकीट चार दिवसही पुरत नाही. गुण यायला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून आंघोळ, लोकलचा प्रवास, स्कॅनच्या टेबलावर उताणं पडणं, याच्या तासभर आधी एखादी वेळ बसवा. वजन ५० किलोच्या खाली, यकृत बिघडलेलं किंवा रोजची दारू असेल तर ५०० ची गोळी बरी, आणि दिवसाला किती ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

खरा घोळ होतो तो डबल डोसचा. कॉम्बिफ्लाम आणि अल्ट्रासेट या दुखण्याच्या गोळ्यांत ३२५-३२५ मिलिग्रॅम, सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत ५००: सगळं पॅरासिटामॉलच, सगळं यकृताच्या खाती. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेनही असतं. ते सूज उतरवतं, त्यामुळे हाडाच्या दुखण्यावर काहींना जास्त लागू पडतं. पण सिस्प्लॅटिन (केमोचं औषध) किंवा झोलेड्रॉनिक अॅसिड (हाडं सांभाळणारं औषध) चालू असेल तर किडनीला धोका, प्लेटलेट उतरलेल्या असतील तर रक्तस्रावाचा. शेजारच्या काकूंना गुण आला म्हणून घेऊ नये.

एक तारा कापला तो तापापायी. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला की थेट हॉस्पिटल, आणि ही गोळी नेमका तोच ताप दाबून टाकते. आधी थर्मामीटर, मग गोळी. दर वेळी.

दोन दिवस वेळेवर घेऊनही दुखणं चारच्या वर गेलं तर गोळ्या वाढवू नका, डॉक्टरांना रेडिएशनबद्दल विचारा. एकाच बैठकीत ८ ग्रे (रेडिएशनच्या डोसचं माप) देऊनही बऱ्याच जणांना आराम पडतो. त्याला काही आठवडे लागतात, आणि पहिले एक-दोन दिवस ठणका उलट वाढूही शकतो. पाठ दुखतेय आणि पायातली ताकद जातेय किंवा लघवी अडलीय, तर ओपीडीची वाट न पाहता त्याच दिवशी इमर्जन्सी गाठा.