जर्मनीचा स्टुडंट व्हिसा: काढला बेळगावातून, वाढवला तिकडं जाऊन

मास्टर्ससाठी जर्मनीत येऊन दीड वर्ष होत आलं. मध्ये एकदा मुदतवाढही झाली. गावाकडून कुणी ना कुणी विचारत असतंच, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. लोक घाबरतात तो पहिला व्हिसा तसा सरळ आहे. दमछाक होते ती दुसऱ्या वर्षी, आणि त्याबद्दल टिळकवाडीत चौकशीला फिरलो तेव्हा एकाही एजंटानं चकार शब्द काढला नाही.

आपण घरात मराठी बोललो तरी अर्ज बेंगळुरूलाच. कर्नाटक आणि केरळ बेंगळुरूच्या जर्मन वकिलातीकडं, महाराष्ट्र आणि गोवा मुंबईकडं. माझा मावसभाऊ चंदगडचा, म्हणजे महाराष्ट्रातला. त्याचा बाजारहाट बेळगावात, कॉलेज बेळगावात, पण अर्ज द्यायला तो मुंबईला गेला आणि मी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर बसून बेंगळुरूला. 'कोल्हापूरच्या पाहुण्यांचा पत्ता लाव की, मुंबईत लवकर होतंय,' असंही एकानं सुचवलं होतं. असल्या भानगडीत पडू नका. पासपोर्ट, आधार, बँक सगळीकडं एकच पत्ता असला की निम्मे प्रश्न उठतच नाहीत.

एका बाबतीत मात्र आपण नशीबवान. व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय आपल्या दारात, मच्छेजवळ. बेंगळुरू-मंगळूरची पोरं ट्रान्सक्रिप्टसाठी (सगळ्या सेमिस्टरचे गुण एकत्र दाखवणारा विद्यापीठाचा कागद) बेळगावकडं तोंड करून बसतात, आपण बसनं जाऊन स्वतः विचारून येतो. गुणपत्रिका जमल्या की एपीएस. भारतीय पदव्यांची ही पडताळणी नोव्हेंबर 2022 पासून सक्तीची झाली, फी 18,000 रुपये. व्हिसाच्या तारखेआधी हेच काम हातात घ्या, कारण हे प्रमाणपत्र नसेल तर पुढचं काही हलत नाही. दहावीच्या मार्कशीटवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, मध्ये वडिलांचं नाव कुठं आहे कुठं नाही, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. तो निस्तरायचा तर याच टप्प्यावर.

आता पैसे. जर्मनीला तुमच्या शेताचा उतारा नको, सीएचं सर्टिफिकेट नको, घराचं व्हॅल्युएशन नको. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो आगाऊ भरायचे, तिथं पोचल्यावर त्यातले महिन्याला 992 आपल्या खात्यात सुटतात. एवढं केलं की वकिलातीच्या दृष्टीनं पैशाचा प्रश्न मिटला. व्हिसाची फी 75 युरो. हे मला फार आवडलं, कारण इतर देशांसाठी कागदांच्या फायली घेऊन फिरणारे मित्र मी पाहिलेत. उतारा लागतो तो आपल्याकडं, कर्ज काढताना. आमची खानापूर तालुक्यातली शेती बँकेनं तारण म्हणून घेतली नाही, शेतजमिनीला बँका सहसा हात लावत नाहीत. शेवटी अप्पांनी अनगोळचं घर तारण लिहून दिलं. बँकेच्या कर्जातून शिक्षणासाठी पाठवलेल्या रकमेवर 1 एप्रिल 2025 पासून टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते तो कर) कापत नाहीत, हे बँकेत ठासून सांगा, काउंटरवर सगळ्यांना ठाऊक असतंच असं नाही.

बेंगळुरूच्या केंद्रावर कागद तपासले, बोटांचे ठसे घेतले, दोन-चार प्रश्न विचारले, संपलं. नकार आला तर मात्र पूर्वीसारखी फेरविचाराची विनंती करता येत नाही, ती सोय 1 जुलै 2025 पासून बंद झालीय. नव्यानं अर्ज करा, नाहीतर कोर्टात जा. म्हणून कॉपी-पेस्ट केलेलं मोटिव्हेशन लेटर देऊ नका.

(जाता जाता: सामानात कुंदा भरू नका. दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये बाहेरून न्यायला बंदी आहे. आईला हे पटवणं व्हिसापेक्षा अवघड गेलं.)

पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा काही महिन्यांचाच असतो. घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद, मग परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून राहण्याच्या परवान्याचं कार्ड. पैसे एका वर्षाचे दाखवले म्हणून मला कार्डही वर्षाचंच मिळालं. आणि मुदतवाढीच्या यादीत पुन्हा तेच: विद्यापीठाचा दाखला, झालेल्या परीक्षांचे निकाल, आरोग्य विमा, आणि पुढच्या काळाचे पैसे. मुदतवाढीची फी शंभर युरोच्या आसपास, तिचं काही वाटत नाही. पण वर्षभर ज्या खात्यातून खाल्लं ते रिकामं झालेलं असतं, आणि तेव्हाच ते पुन्हा भरलेलं दाखवायचं. कर्जाचा दुसरा हप्ता, नाहीतर पार्टटाइम नोकरीच्या पगारपावत्या. विद्यार्थ्याला वर्षात 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं, पण जर्मन येत नसेल तर पहिल्या सहामाहीत काम मिळेल असं धरून चालू नका.

आमच्या शहरातल्या कार्यालयाचा अनुभव वाईट. अर्ज ऑनलाइन वेळेत टाकला, पोच आली, मग कित्येक आठवडे गप्प. ईमेलला उत्तर नाही, फोन उचलत नाहीत, कार्डाची तारीख उलटून गेली. मुदत संपायच्या आत अर्ज गेलेला असेल तर जुना परवाना निर्णय होईपर्यंत चालू धरला जातो, हा तिथला कायदाच आहे. त्याचा एक दुमडलेला कागद मिळतो, फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. नाव घोटून पाठ करा आणि हा कागद मागून घ्या, आपोआप येईल म्हणून बसू नका.

त्या कागदावर मी दादाच्या लग्नाला खानापूरला येऊन परत गेलो. बेंगळुरूच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं तो उलटापालटा करून बघितला, 'व्हिसा कुठंय?' म्हणाली. संपलेलं कार्ड पुढं केलं तर आणखीच गोंधळ. साहेबाला बोलावलं, त्यानं कुठंतरी फोन लावला, मागं रांग वाढत गेली. कागदावर कलम 81, उपकलम 4 या चौकोनात फुली होती, ती दाखवल्यावर सोडलं. फुली उपकलम 3 वर असेल तर त्या कागदावर परत येता येत नाही, तेव्हा तिकीट काढायच्या आधी ती बघा. संपलेलं कार्डही जवळच ठेवा.

आता पुढची मुदतवाढ थिसिसच्या सहामाहीत येतेय. तेव्हा अभ्यास कधी संपणार याचं प्राध्यापकांचं पत्र मागतील असं सीनियर सांगतात. ते पत्र आणि पगारपावत्या आत्तापासून गोळा करतोय, कारण अप्पांच्या घरावर यापुढं बँक एक रुपया वाढवून देणार नाही.