व्हर्च्युअल मशीनसाठी हलकं लिनक्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा संगणक. त्यासाठी हलकं लिनक्स कोणतं, याचा निष्कर्ष आधीच सांगते: डेबियन, आणि तेही डेस्कटॉप (खिडक्या, मेनू असलेला पडदा) न घेता. त्याच्याहून हलकी डिस्ट्रो (लिनक्सच्या तयार आवृत्त्या) कितीतरी आहेत आणि त्यांतली बरीचशी मी गेल्या काही महिन्यांत वापरून पाहिली. पण सकाळी लॅपटॉप उघडला की सुरू होतं ते डेबियनच, आणि यापुढेही तेच राहील असं दिसतंय.

माझी गरज काय होती ते सांगायला हवं, कारण ती वेगळी असेल तर उत्तरही वेगळं येईल. मी कोथरूडला घरून काम करते. छोट्या वाचनालयांसाठी ग्रंथसूची आणि सभासदांच्या नोंदी सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवते. पायथॉन ही भाषा आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस, एवढाच पसारा. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, त्यावर विंडोज ११. विंडोज काढता येत नाही, कारण हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि डिजिटल सहीचं टोकन त्यावरच चालतं. रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली आहे, म्हणजे तापकीर गल्लीत जाऊन वाढवून आणायचा रस्ता बंद. विंडोज आणि ब्राउझर मिळून निम्म्याहून जास्त रॅम खातात. उरलेल्या जागेत, व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, दिवसभर गुपचूप चालेल असं लिनक्स हवं होतं.

‘डब्ल्यूएसएल का नाही?’ हा प्रश्न हिंजवडीला नोकरी करणारी प्रत्येक मैत्रीण विचारते. डब्ल्यूएसएल म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय. डब्ल्यूएसएल २ चांगलंच आहे, मीही ते वापरलंय. पण तेही आतून व्हर्च्युअल मशीनच आहे आणि काही न सांगितल्यास यजमान मशीनची निम्मी रॅम वापरायची मुभा ते स्वतःला देतं. मला स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपलेली स्थिती) हवे होते, वाचनालयाच्या सर्व्हरवर जे आहे अगदी तेच घरीही हवं होतं, आणि डेटाबेसची नवी आवृत्ती टाकताना काही बिघडलं तर दोन मिनिटांत कालच्या स्थितीत जाता यायला हवं होतं. ते व्हर्च्युअलबॉक्समध्ये एका बटणावर होतं.

सुरुवात बहुतेक जण करतात तशीच झाली: हलका डेस्कटॉप शोधण्यापासून. लुबुंटू पाहिलं. २०१८ च्या १८.१० आवृत्तीपासून त्यात एलएक्सडीई या जुन्या डेस्कटॉपऐवजी एलएक्सक्यूटी असतं, आणि ते नेटकं, वापरायला सोपं आहे. मग डेबियनवर एक्सएफसीई. दोन्ही छान चालली, सुरू झाल्यावर साधारण अर्धा जीबीच्या आसपास. मग आत फायरफॉक्स उघडला. दोन-तीन टॅब उघडताच डेस्कटॉपमध्ये वाचवलेली रॅम कुठल्या कुठे गेली. एलएक्सक्यूटी घ्या, एक्सएफसीई घ्या, आइसडब्ल्यूएम घ्या; आत ब्राउझर उघडायचा असेल तर फरक पडतो शे-दोनशे एमबीचा, आणि ब्राउझर एकटाच त्याच्या कितीतरी पट घेतो. मुद्दा इथे उलगडला. स्क्रीन, फॉन्ट, ब्राउझर, कीबोर्ड हे सगळं विंडोजवर आधीच चालू आहे. त्याचीच दुसरी प्रत व्हर्च्युअल मशीनमध्ये कशाला चालवायची? तिथे फक्त डेटाबेस आणि प्रोग्रॅम चालू दे, बाकी सगळं बाहेरून करू.

तेव्हापासून रचना अशी आहे: मशीन ‘हेडलेस स्टार्ट’ने सुरू करायचं, म्हणजे त्याची खिडकीच उघडत नाही. नेटवर्क नॅटवर (आतलं मशीन विंडोजच्या आडून इंटरनेट वापरतं) ठेवायचं आणि पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये विंडोजचा २२२२ क्रमांकाचा पोर्ट आतल्या २२ ला जोडायचा, वेबसाइटचा ८००० हा ८००० ला. यजमान पत्ता म्हणून १२७.०.०.१ लिहायचा, म्हणजे बाहेरच्या कुणाला तो पोर्ट दिसत नाही. टर्मिनलमधून एसएसएचने (दुसऱ्या मशीनला आज्ञा देण्याची सुरक्षित जोडणी) आत जायचं, साइट विंडोजच्याच ब्राउझरमध्ये पाहायची.

याचा एक फायदा मराठीत काम करणाऱ्यांना विशेष होतो. लिनक्सच्या नुसत्या काळ्या कन्सोलवर देवनागरी दिसत नाही. त्या कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हं मावतात आणि जोडाक्षरं जुळवण्याची सोय त्यात नाही. पुस्तकाचं नाव छापलं की चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं. एसएसएचने आत गेलं की अक्षरं काढण्याचं काम विंडोजकडे येतं. टर्मिनलमध्ये एखादं जोडाक्षर अजूनही विस्कटतं, पण वाचता येतं, आणि ब्राउझरमध्ये तर सगळं स्वच्छ दिसतं. आत एकही फॉन्ट टाकावा लागला नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्डही विंडोजचाच.

डेस्कटॉप गेल्यावर खरी स्पर्धा उरली अल्पाइन (अगदी लहान आकाराचं एक लिनक्स) आणि डेबियनमध्ये, आणि अल्पाइनबद्दल मला मनापासून आदर आहे. व्हर्च्युअल मशीनसाठी त्याची वेगळी ‘व्हर्ट’ प्रतिमा मिळते, साठेक एमबीची. तिच्यात भौतिक हार्डवेअरची अनावश्यक ड्रायव्हर वगळलेलं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, असतं. डिस्कवरची किमान स्थापना १३० एमबीच्या आसपास. इन्स्टॉलर म्हणजे प्रश्न विचारत जाणारी एक साधी स्क्रिप्ट, चहा उकळेपर्यंत काम संपतं. सुरू व्हायला काही सेकंद, रिकामं असताना रॅम पन्नास-साठ एमबी. पॅकेज टाकण्याचा वेग पाहून तर पहिल्या दिवशी मी तीच आज्ञा उगाच पुन्हा चालवून पाहिली. कोणतं पॅकेज आपण स्वतः मागितलं याची यादी एका छोट्या फाइलीत राहते. ती वाचली की मशीनवर काय आहे ते कळतं. इतकी स्वच्छता दुसरीकडे मला दिसली नाही.

मग अडतं कुठे? अल्पाइनमध्ये ग्लिबसी नाही, मसल आहे; दोन्ही म्हणजे प्रोग्रॅमांना लागणाऱ्या सी भाषेच्या मूलभूत लायब्ररी. हलकेपणाचं एक मोठं कारण तेच, आणि अडचणीचंही तेच. पायथॉनची बरीचशी पॅकेजं आधीच बांधून मिळतात, पण ती बांधलेली असतात ग्लिबसीसाठी. मसलसाठी वेगळी बांधणी देण्याचा ठराव २०२१ मध्ये झाला आणि आता मोठी पॅकेजं ती देतात. छोटी, जुनी, एखाद्याच माणसाने सांभाळलेली पॅकेजं देत नाहीत. मग पिप (पायथॉनची पॅकेजं टाकणारं साधन) मुकाट्याने मूळ कोड आणून तिथल्या तिथे बांधायला घेतं. त्यासाठी जीसीसी कंपायलर हवा, हेडर फाइली हव्यात, आणि बांधताना रॅम हवी. जे मशीन ५१२ एमबीत सुखाने चालत होतं ते बांधणीच्या मध्यात मरतं, मग त्याला दीड जीबी द्यावी लागते. पीडीएफ तयार करणाऱ्या एका लायब्ररीपायी माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली. बारक्या मशीनला पोसण्यासाठी मोठं मशीन लागायला लागलं की हलकेपणाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

दुसरी अडचण मराठीची आहे आणि माझ्या कामात ती जास्त बोचते. ग्रंथसूचीत नावं अकारविल्हे यायला हवीत. मसलमध्ये भाषेनुसार क्रम लावण्याची सोय नाही. तिथे क्रम लागतो तो युनिकोडच्या आकड्यांनुसार. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्यामध्ये आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. शनिवार पेठेतल्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी यादी हातात घेतली की त्यांची नजर आधी तिथेच जाते, आणि जायलाच हवी. पोस्टग्रेसमध्ये यावर उपाय आहे: आवृत्ती १० पासून आयसीयू या भाषांचे नियम जाणणाऱ्या लायब्ररीचे क्रम वापरता येतात आणि १६ पासून तर क्रमाचे नियम आपणच लिहून देता येतात. म्हणजे ळ कुठे बसवायचा ते आपल्या हातात. हे अल्पाइनवरही जमतं. पण डेटाबेसच्या बाहेर, साध्या स्क्रिप्टमध्ये यादी लावली की पुन्हा आकड्यांचाच क्रम येतो, आणि घरी एक क्रम, सर्व्हरवर दुसरा असं झालं तर दोष शोधणं कठीण होतं. डेबियन १३ मध्ये पोस्टग्रेस १७ येतं, म्हणजे नियम लिहायची सोय सरळ मिळते. सर्व्हरवरही तेच आहे. माझ्यासाठी प्रश्न तिथे मिटला.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. टायनी कोअर वीस-पंचवीस एमबीत चित्रमय डेस्कटॉप देतं, ते पाहून थक्क व्हायला होतं. पण ते सगळं रॅममध्ये चालतं आणि बदल जपायचे तर ते मुद्दाम साठवायला सांगावं लागतं. रोजच्या डेटाबेससाठी ही पद्धत नाही. पपी लिनक्स जुन्या संगणकाला जीव द्यायला उत्तम, व्हर्च्युअल मशीनमध्ये त्याचा खास उपयोग मला झाला नाही. अँटिएक्स आवडलं, आत डेस्कटॉप हवाच असेल आणि रॅम कमी असेल तर मी आज त्याचंच नाव सांगेन. आपल्या पुण्यातच मुख्यालय असलेल्या सी-डॅकचं बॉस लिनक्सही डेबियनवरच उभं आहे, भारतीय भाषांची तयारी त्यात चांगली आहे, पण तो पूर्ण डेस्कटॉप आहे, माझ्या या कामाचा नाही.

आता डेबियन नेमकं कसं टाकायचं. नेटइन्स्ट प्रतिमा (बाकीचं इंटरनेटवरून आणणारी छोटी इन्स्टॉल फाइल) घ्या. शेवटी सॉफ्टवेअर निवडायचा पडदा येतो, तिथे डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढा आणि फक्त एसएसएच सर्व्हर आणि प्रमाणित साधनं ठेवा. एवढ्या एका पडद्यावर सगळा हलकेपणा ठरतो. सुरू झाल्यावर रॅम शंभर-दीडशे एमबीच्या घरात दिसते. अल्पाइनच्या दुपटीहून जास्त, हे खरं. पण पोस्टग्रेस आणि माझा प्रोग्रॅम सुरू केल्यावर दोन्हींतला फरक एकूण वापराच्या मानाने नगण्य उरतो. मी मशीनला १ जीबी रॅम आणि दोन कोअर दिलेत, आत झेडरॅम (रॅममध्येच डेटा दाबून ठेवण्याची सोय) चालू केलंय, आणि ते पुरतं.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये ६४ बिटचा पर्यायच दिसत नसेल तर बहुधा बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन बंद असतं. आधी ते चालू करा. डेबियन १३ पासून ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही, त्यामुळे ही पायरी चुकवता येत नाही. मशीनच्या खिडकीत खाली कासवाचं हिरवं चिन्ह दिसलं तर समजा की व्हर्च्युअलबॉक्स हायपर-व्ही या विंडोजच्याच व्हर्च्युअलायझेशनच्या आधाराने चालतंय. विंडोजचं ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू असलं की असं होतं. ते बंद केलं तर वेग वाढतो, पण ते सुरक्षेसाठी आहे आणि माझ्या लॅपटॉपवर डिजिटल सही आहे, म्हणून मी कासव राहू दिलं. डेस्कटॉप नसल्यामुळे तो संथपणा फारसा जाणवतही नाही.

शेअर्ड फोल्डरवर कोड ठेवू नका. विंडोजकडून फाइल बदलली की आतल्या मशीनला त्याची सूचना पोहोचत नाही, त्यामुळे आपोआप पुन्हा सुरू होणारा सर्व्हर जुनंच दाखवत बसतो. कोड आत ठेवा आणि एडिटर एसएसएचने जोडा. मग गेस्ट ॲडिशन्सचीही (आतल्या मशीनमध्ये टाकायची व्हर्च्युअलबॉक्सची पूरक साधनं) फारशी गरज उरत नाही. एकच गोष्ट तेव्हा सांभाळावी लागते, ती म्हणजे घड्याळ. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की मी मशीन ‘सेव्ह स्टेट’ करून लॅपटॉप मिटते. पुन्हा उघडलं की आतली वेळ मागे राहिलेली असते, आणि मग पॅकेज टाकणारं ॲप्ट म्हणतं की पॅकेजांची यादी अजून वैध झालेली नाही. वेळ जुळवणारं क्रोनी टाकून त्याला फक्त सुरुवातीलाच नव्हे, तर केव्हाही घड्याळ एकदम पुढे न्यायची परवानगी दिली की हे थांबतं.

डिस्कचं एक लक्षात असू द्या. आपोआप वाढणारी व्हीडीआय फाइल (मशीनची व्हर्च्युअल डिस्क) वाढते, पण आत फाइली पुसल्या म्हणून लहान होत नाही. मी अधूनमधून आतली रिकामी जागा झीरोफ्री या साधनाने शून्य करून घेते आणि मशीन बंद असताना बाहेरून फाइल आकसून घेते. स्नॅपशॉटची लांबलचक साखळीही अशीच जागा खाते. काम पक्कं झालं की जुना स्नॅपशॉट काढून टाकते.

अल्पाइन मी पुसलेलं नाही. बाहेरून येणारी मागणी पुढे पाठवणारं एक छोटं प्रॉक्सी मशीन त्यावर आहे, १२८ एमबी रॅममध्ये. पायथॉन नाही, मराठी क्रम नाही, बांधणी नाही. तिथे ते अगदी चपखल बसलंय आणि त्याच्याकडे पाहावंही लागत नाही. फक्त त्याची प्रत्येक शाखा साधारण दोन वर्षं सांभाळली जाते, डेबियनला दीर्घकालीन आधार धरून पाच वर्षं मिळतात. वाचनालयांच्या सर्व्हरला वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही, हा विचार करता ती तीन वर्षं मला मोलाची वाटतात.

माझा भाचा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याचा लॅपटॉप ४ जीबीचा. त्यालाही हेच बसवून दिलं, फक्त रॅम ५१२ एमबी. ‘मावशी, पण यात काहीच दिसत नाही,’ असं तो पहिल्या दिवशी म्हणाला होता. आता तो विंडोजच्याच टर्मिनलमधून सी आणि शेल स्क्रिप्टचे प्रयोग करतो. ४ जीबीवर विंडोज ११ असेल तर मात्र ५१२ एमबीच्या वर जाऊ नका आणि मशीन चालू असताना ब्राउझरचे टॅब आवरते ठेवा. तेवढ्यात सी, शेल, छोटा डेटाबेस हे सगळं निभतं. जावाचे मोठे प्रकल्प निभत नाहीत, त्यासाठी त्याला महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच बसावं लागतं.