उद्यमबागेतलं लेझर कटिंग: बोर्ड 3 चा असतो तो फक्त दुकानात

दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही. दुकानाच्या मालकांनी, म्हणजे काकांनीच सांगितलंय, "नाव घालू नको गं, हितं आताच जेवायला टाइम मिळेना झालाय." बेळगावात तिसरं रेल्वे गेट ओलांडून खानापूर रोडला लागलात की उद्यमबागेत फौंड्र्यांच्या मधल्या गल्ल्यांत बघा. बाहेर बोर्ड कन्नडमध्ये, आत व्यवहार मराठीत, मशीनवरचा पोरगा दोन्ही मिसळून बोलतो. मी खानापूरहून ये-जा करते, त्यामुळं वाटेतच पडतं.

मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला. या सेमिस्टरला आमच्या चौघांच्या ग्रुपला एक पॅनल करायचं होतं. माणूस समोर आला की पाकळ्या उघडायच्या, गेला की मिटायच्या. सरांनी वर्गात पॅरिसच्या अरब वर्ल्ड इन्स्टिट्यूटची भिंत दाखवली होती. जाँ नुव्हेल यांची, 1987 ची. दक्षिणेच्या काचेमागं 240 जाळ्या, ऊन वाढलं की त्यातली भोकं कॅमेऱ्याच्या ॲपर्चरसारखी आवळणार. पुढं त्यातल्या बऱ्याच अडकून बसल्या हेही सर बोलले होते, पण ते कुणी वहीत लिहून घेतलं नाही. आमच्या तर 16 च पाकळ्या होत्या.

पेनड्राईव्ह घेऊन गेले तेव्हा वाटलं होतं, तासाभराचं काम. काकांनी डीएक्सएफ, म्हणजे आमच्या ड्रॉइंगची फाईल उघडली, बघितली आणि मशीन चालूच केलं नाही. आधी ऑटोकॅडमध्ये ओव्हरकिल, म्हणजे दुहेरी रेघा पुसणारी कमांड मारली. एकावर एक बसलेल्या 40-50 रेघा निघाल्या. त्या तशाच राहिल्या असत्या तर लेझर एकाच रेघेवरून दोनदा फिरला असता, कड जळली असती आणि मिनिटावर लागणारं बिलही वाढलं असतं. हे त्यांनी गप्प राहून केलं असतं तर फायदा त्यांचाच होता, एवढं लक्षात घ्या.

मग त्यांनी व्हर्नियर काढला आणि मी आणलेला एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड) तीन ठिकाणी मोजला.

"खाच कितीची काढलीस?"

"3 ची. बोर्ड 3 एमएमचा आहे ना."

"बोर्ड 3 चा असतो तो दुकानात. हितं 2.7 हाय."

काका आधी बरीच वर्षं फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात ते नमुने करायचे. टेबलाच्या खणात अजून त्यांची श्रिंकेज स्केल आहे. कास्ट आयर्न थंड होताना मीटरला साधारण 10 मिलिमीटर आकसतं, ते आधीच धरून आखलेली पट्टी. साध्या पट्टीशेजारी ठेवली तर पहिल्यांदा डोळ्यांवर विश्वास बसत नाही, सेंटीमीटर किंचित मोठे. "ओतकामात लोखंड आकसतं, हितं लेझर खातं," एवढंच म्हणाले. लेझर रेघेच्या जागी साधारण 0.2 मिलिमीटर जाळून टाकतो. म्हणजे 3 ची खाच कापल्यावर 3.2 ची होणार आणि त्यात 2.7 चा बोर्ड खुळखुळणार. चार वर्षं आम्ही स्क्रीनवर अगदी नेमके सांधे जोडत आलो, पण हा हिशेब कुणाच्याच डोक्यात नव्हता.

त्यांनी उरलेल्या तुकड्यावर एक कंगवा कापून दिला. 2.3 पासून 2.8 पर्यंत, 0.1 च्या फरकानं सहा खाचा. आमच्या बोर्डाचा तुकडा मी अंगठ्यानं एकेकीत दाबत गेले. 2.3 मध्ये शिरेना, 2.4 मध्ये कड चुरगळली, 2.5 मध्ये टक्क करून बसला आणि कंगवा उलटा धरला तरी पडला नाही. घरी येऊन सगळ्या खाचा 2.5 च्या केल्या. कंगव्याचे पैसे लावले नाहीत. तो अजून माझ्या कंपासमध्ये आहे.

आता तक्रार. आम्ही गेलो वैशाखात, शिवजयंतीच्या तोंडावर. बेळगावात त्या दिवसांत अशा दुकानात काय चाललेलं असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. मंडळांचे चित्ररथ, त्यांची अक्षरं, तोरणं, महिरपी. मंगळवारी देतो म्हणालेलं काम शनिवारी मिळालं. पोराला विचारलं की "इन्नू स्वल्प" एवढंच. त्या "अजून थोडं" मध्ये आमचे चार दिवस गेले. बरं, घाईत त्यानं वरच्या बाजूला मास्किंग टेप न लावताच कापलं, त्यामुळं सहा पाकळ्यांच्या तोंडावर धुराचे तपकिरी डाग. ते आम्ही 220 चा पॉलिश पेपर घेऊन रात्री घासत बसलो. बिलात त्या सहाची मिनिटं पूर्ण लावलेली. मी बोलले, काकांनी निम्मी कमी केली. निम्मीच का, हे मला अजून पटलेलं नाही.

एक गोष्ट मात्र कौतुकानं सांगते. माझ्यासमोर एक मुलगा सनबोर्ड घेऊन आला, मॉडेलसाठी. काकांनी हातही लावला नाही. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी, लेझरनं जाळलं की क्लोरीनचा विषारी धूर निघतो, छातीलाही वाईट आणि मशीनलाही. मुलगा दुप्पट पैसे देतो म्हणाला तरी नाही.

मोटर्सचं काम खरं तर त्यांचं नव्हे. आम्ही 16 छोट्या एसजी90 सर्व्हो मोटर्स थेट आर्डुइनोवरून, म्हणजे प्रोग्राम भरायच्या छोट्या सर्किट बोर्डावरून चालवायला बघत होतो. चार-पाच हलल्या की आर्डुइनो रिसेट, पाकळ्या थरथरून गप्प. प्रोग्राम तपासण्यात दोन रात्री घालवल्या. जोडणी बघायला पॅनल दुकानात नेलं होतं तेव्हा काका म्हणाले, "याला जेवायला कोण घालतंय?" यूएसबीतून साधारण 500 मिलीअँपिअर, आणि एकेक मोटर अडली की तेवढं एकटीच ओढते. माळ्यावरच्या जुन्या पळत्या अक्षरांच्या बोर्डाचा 5 व्होल्टचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) काढून दिला. मोटर्सना वीज त्यातून, आर्डुइनोचं फक्त सांगणं, आणि दोघांचा ग्राउंड एकत्र जोडायचा. ते विसरलं की पाकळ्या पिसाळतात, हेही आम्ही करून बघितलं. हलत्या देखाव्यांना हे वायपरची मोटर लावतात, त्यामुळं कुठल्या मोटरला किती भूक ते त्यांना तोंडपाठ. आमचं पॅनल बघून म्हणाले, "आमच्या देखाव्यातला मावळा रात्रभर तलवार फिरवतोय, समोर माणूस असो नसो. तुमचं बरं हाय, माणूस बघून हलतंय."

ज्युरीच्या, म्हणजे प्रोजेक्ट तपासणीच्या दिवशी माणूस बघूनही हललं नाही. आमचा सेन्सर एचसी-एसआर04, म्हणजे 40 किलोहर्ट्झचा आवाज सोडून त्याचा पडसाद ऐकणारा. बाहेरून आलेल्या मॅडम कडक सुती साडीत समोर उभ्या, चुण्यांत आवाज विरून जात होता आणि पाकळ्या मिटलेल्याच. माझ्या पोटात गोळा. मग त्यांनी मार्कांची फाईल छातीशी धरली आणि खटाखट 16 च्या 16 उघडल्या. त्यांनी फाईल खाली केली, मिटल्या. वर केली, उघडल्या. तीन-चारदा तेच केलं. प्रश्न एकच विचारला: खाचा इतक्या घट्ट कशा बसल्या, फेविकॉल कुठंच दिसत नाही.

तर, 5 पैकी 4. एक तारा मास्किंग टेपचा कापला. जाणार असाल तर टेपचा रुंद रोल स्वतः न्या, बोर्ड आधी मोजून न्या आणि शिवजयंती-गणपतीच्या आधीचे 15 दिवस टाळा. सीएनसी राउटर, म्हणजे फिरत्या बिटनं कापणारं मशीनही आहे त्यांच्याकडं, पण त्यावर आतला कोपरा काटकोनात निघत नाही, बिट गोल असतो, तेवढं ड्रॉइंगमध्येच धरा.

एसएमपीएस परत द्यायचा आहे. "गणपतीपर्यंत ठेव" म्हणालेत, त्यामुळं तो अजून आमच्या माजघरात पॅनलच्या मागं आहे. बिलातले 120 रुपयेही राहिलेत, ते बुधवारी जाता-जाता उतरून देणार आहे.