घरी केलेला धातूचा रंधा : अकरा महिने वापरून झाल्यावर

पितळेच्या बाजू, माइल्ड स्टीलचा तळ, आत शिसवीचं भरण आणि ५ मिलिमीटर जाडीचं पातं. लांबी २२० मिमी, वजन २.१ किलो, पात्याचा तळाशी कोन ५० अंश. हा मी केलेला दुसरा रंधा. पहिला याच मापाचा होता. तो आता कपाटात पडून आहे, का ते पुढे येईलच. दुसरा गेले अकरा महिने कामात आहे. शेवटचा हात फिरवायचा, सॅंडपेपर न लावता पृष्ठभाग तयार करायचा, एवढ्यापुरताच तो मी वापरतो.

आधी एक गोष्ट कबूल करून टाकतो. माझ्याकडे कारखान्यात बनलेला नेहमीचा चार नंबरचा, म्हणजे असाच शेवटचा हात फिरवायचा रंधा आहे, आणि त्याची चिपब्रेकर (पात्यावर बसणारी, छिलका मोडणारी पट्टी) धारेच्या अगदी जवळ, पाव मिलिमीटरच्या आत आणून बसवली, तर दहापैकी आठ फळ्यांवर तो माझ्या रंध्याइतकंच स्वच्छ काम करतो. त्यामुळे ‘विकतचा रंधा नीट चालत नाही म्हणून घरी करतो’ असं कुणी म्हणत असेल, तर त्याने आधी विकतच्याला धार लावून पाहावी. उरलेल्या दोन फळ्या, म्हणजे जिथे लाकडाची रेषा, तंतूंची दिशा, हातभर अंतरात तीनदा दिशा बदलते अशा, तिथे मात्र माझा हात आपोआप या पितळी रंध्याकडे जातो.

ही रचना काही माझी नाही. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या एअर गावी स्पायर्स आणि पुढे लंडनमध्ये नॉरिस असेच रंधे बनवत: धातूची पेटी आणि तिच्या पोटात ठासून बसवलेलं लाकूड. तिकडे अमेरिकेत लिओनार्ड बेलीने ओतीव लोखंडाच्या रंध्यात स्क्रूने पातं वरखाली करायची सोय केली, १८६९ मध्ये स्टॅन्ले कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला, आणि पेटीचे रंधे हळूहळू मागे पडले. ते मागे पडले यात नवल नाही. एक पेटी ठोकायला किती वेळ लागतो हे ठोकल्यावरच कळतं.

ठोकण्याबद्दल सांगतो, कारण यात खरी गंमत आहे. बाजू आणि तळ डव्हटेलने, म्हणजे टोकाकडे शेपटीसारख्या पसरत जाणाऱ्या दात्यांच्या सांध्याने, जोडलेले असतात. लाकडातला डव्हटेल एका दिशेने सरकवून बसवतात आणि त्याच दिशेने तो निघूही शकतो. इथे सांधा दोन्हीकडून पसरलेला दिसतो. बाजूने पाहा, खालून पाहा, शेपूट आहेच. लाकडात असा सांधा बसवताच येणार नाही. धातूत बसतो, कारण धातू हातोडीखाली सरकतो. एका तुकड्याचे खाचे कानशीने किंचित तिरके मोठे करून ठेवायचे, दुसऱ्याची टोकं मिलिमीटरभर वर सोडायची, आणि ती टोकं ठोकून ठोकून त्या तिरक्या पोकळीत भरायची. मग वर उरलेलं कानशीने साफ केलं की जोड कुठे आहे ते फक्त रंगावरून कळतं, पिवळा कुठे संपतो आणि पांढरा कुठे सुरू होतो एवढंच. पेटीच्या आत घट्ट मापाचा ठोकळा घातल्याशिवाय पहिला घावसुद्धा घालू नका, बाजू आत झुकतात. आणि कानात बोळे घाला. मी पहिल्या दिवशी घातले नव्हते.

पहिल्या रंध्याचं इथेच बिनसलं. कापायला आणि कानस मारायला सोपं म्हणून मी शिसं मिसळलेलं पितळ घेतलं होतं. ते कानशीखाली भुरभुर उडतं, फार सुख देतं, पण हातोडीखाली पसरायच्या ऐवजी तडकतं. सहापैकी दोन शेपट्यांच्या कोपऱ्यांना बारीक चिरा गेल्या. दुसऱ्या वेळी ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेलं पितळ घेतलं. ते कापताना करवतीला चिकटतं, पण ठोकल्यावर लोण्यासारखं वळतं. मध्येच कडक झालंसं वाटलं तर मंद लाल होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करता येतं, अर्थात हे जोडणीच्या आधी.

पात्याची कथा छोटी आहे. ओ-वन जातीचं, तेलात पाणी द्यायचं हत्यारी पोलाद घेतलं, चुंबक चिकटेनासं झालं की आणखी थोडं तापवलं आणि कोमट तेलात बुडवून पाणी दिलं, म्हणजे कडक केलं. पहिलं पातं अख्खं तापवलं आणि तेलात जरा तिरकं गेलं, ते केळ्यासारखं वाकलं. दुसऱ्या पात्याची फक्त पुढची ४० मिमी तापवली आणि सरळ उभी बुडवली. कानस त्यावरून काचेवरून घसरावी तशी घसरली. मग २०० अंशांवर दोन तास ठेवून पाणी उतरवलं, म्हणजे ठिसूळपणा कमी केला, फिकट गवती रंग आला. अकरा महिन्यांत धार टिकण्याबाबत या पात्याविरुद्ध माझी एकच तक्रार आहे: ५० अंशांच्या कोनामुळे धार ४५ अंशांच्या रंध्यापेक्षा लवकर बोथट वाटते आणि ढकलायलाही जोर लागतो. तो दोष पोलादाचा नाही, मी निवडलेल्या कोनाचा आहे.

आता रंध्याच्या तोंडाकडे, म्हणजे तळातल्या ज्या फटीतून पातं बाहेर येतं तिच्याकडे वळतो, कारण पेटीच्या रंध्याचं सगळं नाव त्यावर आहे. पात्याच्या धारेच्या लगेच पुढे तळ लाकडाला दाबून धरतो, म्हणून रेषा उपटायला जागा मिळत नाही. मी हौसेने तोंड ०.१५ मिमी ठेवलं. पहिल्या महिन्यात ते दर दहा फटक्यांनी तुंबायचं, आणि तुंबलेला छिलका काढायला पातं सैल करावं लागायचं. शेवटी तोंडाची पुढची भिंत वरच्या बाजूला कानशीने पुढे झुकती केली, छिलक्याला वर जायला वाट झाली आणि त्रास संपला. मापही आता ०.२५ च्या आसपास आहे. खरं सांगायचं तर ०.१५ आणि ०.२५ मधला फरक मला लाकडावर दिसला नाही, फक्त सांगायला बरं वाटायचं.

इथे एक हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पातं तिरकं असल्यामुळे तळ घासला की तोंड उघडतं. ५० अंशांच्या कोनात तळाचा ०.१ मिमी गेला तर तोंड ०.०८ मिमीने वाढतं. म्हणून तळ आधी पूर्ण सपाट करायचा आणि तोंड सगळ्यांत शेवटी कानशीने घ्यायचं. तळ घासताना पातं आत ओढून, पण पातं दाबून धरणाऱ्या लिव्हर कॅपचा स्क्रू नेहमीइतकाच आवळून ठेवायचा. तो दाब तळाला सूक्ष्म वाकवतो. सैल रंधा सपाट केला तर आवळल्यावर तो सपाट राहत नाही.

एवढं सगळं धातूचं काम, आणि मला छळलं ते लाकडाने.

पहिला रंधा झाला तेव्हा भरणाची शिसवी मला चांगली वाळलेली वाटत होती. चार महिन्यांनी, हवा बरेच दिवस दमट राहिल्यावर, रंधा कडेने गुण्याला (काटकोन तपासायच्या पट्टीला) लावला तर उजेड दिसला. भरण फुगलं होतं. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, पण आडवं हलतं, आणि पितळ त्याच्यापुढे काय टिकणार? पुढचा ठोकळा दोन्ही बाजूंना बाहेर ढकलत होता, तडे गेलेल्या शेपट्या आणखी उघडल्या, आणि तळ मध्ये ०.०५ मिमी पोकळ झाला. ऐकायला हे माप फालतू वाटतं. पण छिलकाच तेवढ्या जाडीचा निघतो. कधी पातं काहीच कापायचं नाही, तर कधी एकदम रुतायचं. मी आठवडाभर धारेला दोष देत राहिलो.

दुसऱ्या रंध्यात भरणाच्या वार्षिक वलयांच्या रेघा बाजूंना समांतर येतील असं लाकूड कापलं, कारण वलयांवरून आरपार जाणाऱ्या दिशेपेक्षा वलयांच्या कडेने जाणाऱ्या दिशेत लाकूड जास्त फुगतं... आणि मग मला वाटलं, हे मी चक्क उलटं करून बसलो. रेघा समांतर ठेवल्या की कमी हालचाल उंचीत जाते आणि जास्त रुंदीत, म्हणजे थेट पितळावर, असा माझा समज झाला. नशिबाने डिंक अजून लावला नव्हता. रेघा तळावर उभ्या नव्हे, तळाला समांतर हव्या होत्या असंही पुढे वाटलं. शेवटी ठोकळ्याच्या टोकाकडे पाहत, कागदावर बाण काढत बसलो तेव्हा उलगडलं: बाजूच्या पितळावर वलयं एकामागून एक थरासारखी रचलेली असावीत, तर मात्र रुंदीची हालचाल सर्वांत कमी राहते. म्हणजे पहिलं कापलेलंच बरोबर होतं. एक संध्याकाळ गेली, ठोकळा वाचला.

दुसरा बदल जास्त कामाचा ठरला. पातं ज्या उतारावर टेकतं तो उतार मी पहिल्यांदा आरशासारखा सपाट केला होता. लाकूड थोडं फुगलं की पातं मधल्या फुगवट्यावर टेकायचं, धारेजवळ आधार सुटायचा आणि रंधा कडकडत चालायचा. फळीवर आडव्या लाटा उमटायच्या. आता लाकडाचा मधला भाग कागदाच्या जाडीइतका खोल घेतला आहे. पातं खाली तळाच्या धातूवर आणि वर टोकाशी टेकतं, मधलं लाकूड काय हवं ते करो. तेव्हापासून कडकड एकदाही झालेली नाही.

रोजच्या वापरातल्या बारीक गोष्टीही आहेत. या रंध्याला पातं वरखाली करायचा स्क्रू नाही. सपाट लाकडावर रंधा ठेवायचा, पातं टेकेपर्यंत सोडायचं, कॅप आवळायची आणि छोट्या पितळी हातोडीने पात्याच्या वरच्या टोकाला टिचकी मारायची. जास्त खोल गेलं तर सैल करून पुन्हा पहिल्यापासून. पहिले दोन महिने मी वैतागलो होतो. आता स्क्रूच्या रंध्यापेक्षा लवकर होतं म्हणणार नाही, पण तेवढ्याच वेळात होतं. वजनाचा फायदा गाठीवर कळतो, रंधा आपल्याच वेगाने पार जातो. तोटा तासाभराने खांद्यात कळतो. तळाला मेणबत्ती घासून घेतली तर निम्मा भार कमी झाल्यासारखं वाटतं. पितळ हाताच्या घामाने काळवंडतं, मी ते चमकवायचं सोडून दिलं आहे. कॅपच्या स्क्रूचे आटे मात्र झिजायला लागलेत. पितळात पितळी स्क्रू फिरवला, ती चूक झाली. पोलादी स्क्रू घालायला हवा होता.

पहिल्या रंध्याला सत्तरेक तास लागले, दुसऱ्याला पन्नास. वेळेचा हिशेब लावणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

तिसऱ्या, लांब रंध्याचं पितळ आणि तळ कापून तयार आहेत. भरणाचा ठोकळा दर महिन्याच्या एक तारखेला वजनकाट्यावर ठेवतो आणि आकडा त्याच्यावरच पेन्सिलीने लिहितो. या महिन्यात तो आणखी ३ ग्रॅमने हलका झाला, म्हणजे अजून वाळतोच आहे. पितळ तेलाच्या फडक्यात गुंडाळून खणात ठेवलं आहे.