मर्सिडीज 722 च्या नावावर माझे 38,550 रुपये गेले

आकडा आधीच सांगतो, नाहीतर लोक म्हणतात, गेले असतील हजार-दोन हजार. बुकिंगचे 5,000, उरलेल्या किमतीचे 23,500, विम्याचे 3,200 आणि शेवटी 'टॅक्स'चे 6,850. एकूण 38,550. गेले ते मर्सिडीजच्या 722 नंबरच्या रेसिंग गाडीच्या छोट्या मॉडेलपायी, जे कधी आलंच नाही. मी बेळगावात अनगोळात राहतो, उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. ओव्हरटाइमचे पैसे बाजूला टाकत आठ महिन्यांत ही रक्कम उभी केली होती. ती गेली चार दिवसांत.

ज्यांना हा नाद नाही ते म्हणतील, खेळण्यातल्या गाडीला एवढे पैसे? म्हणू देत. ज्यांनी सीएमसी या मॉडेल बनवणाऱ्या कंपनीची 1:18 मधली, म्हणजे खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्श्याची गाडी एकदा हातात घेतली आहे त्यांना सांगावं लागत नाही. चाकातली प्रत्येक तार वेगळी ओवलेली असते. बॉनेट उघडलं की आत आठ सिलिंडरचं इंजिन एका अंगाला कललेलं, पाइप न् पाइप जागेवर. मी दिवसभर व्हर्निअर आणि मायक्रोमीटर हातात धरणारा माणूस. असं काम कुणीतरी हातानं केलंय हे बघताना मला जे वाटतं ते घरात कुणाला पटवून देता आलेलं नाही, आणि आता तर येणारच नाही.

त्यातही 722. 1955 च्या मिल्ले मिलियात, म्हणजे इटलीतल्या रस्त्यावरच्या शर्यतीत, स्टर्लिंग मॉस हा ड्रायव्हर सकाळी 7 वाजून 22 मिनिटांनी ब्रेशियाहून सुटला, म्हणून गाडीवर 722. शेजारी वाट सांगणारा जेंकिन्सन, मांडीवर रस्त्याच्या खुणांची कागदी गुंडाळी. रोमला जाऊन परत ब्रेशिया, 10 तास 7 मिनिटं 48 सेकंद. हीच गाडी मला पाहिजे होती. दुसरी कुठली नको होती.

बाहेरून मागवायची सोय राहिलेली नाही, हेही समजून घ्या. खेळण्यांवरची आयात ड्युटी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेली, 2023 मध्ये 70 वर. 1 जानेवारी 2021 पासून बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का सक्तीचा. आपल्या गाड्या मोडतात त्याच खात्यात. त्यामुळे जो तो संग्राहकांच्या ऑनलाइन ग्रुपवर नाहीतर कुणाच्या तरी संग्रहातून घेतो. मीही तशीच घेतली. हावरटपणा केला असं म्हणणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. 28,500 ही किंमत कमी होती, पण 'संग्रह मोडतोय, घराचं काम काढलंय' असं सांगणारा माणूस त्या किमतीला देतो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

आणि माणूस नवा नव्हता. दोन महिने आधी त्याच्याकडून 1:64 ची एक छोटी गाडी 1,450 ला घेतली होती. तिसऱ्या दिवशी घरपोच, पेटीचा कोपराही दबलेला नव्हता. कोल्हापूरचा म्हणायचा, बोलणंही तसंच. "भावा, पैसे कुठं पळून जात्यात व्हय? गाडी बघून घे आधी." ही छोटी गाडी म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ असतं. पहिला व्यवहार चोख झाला म्हणून दुसऱ्यात डोळे मिटू नका.

आता जे सांगायला जिवावर येतं ते सांगतो.

त्यानं सहा फोटो पाठवले होते. चौथ्या फोटोत गाडी लाकडी टेबलावर तिरकी ठेवलेली, पुढचं चाक कॅमेऱ्याकडे. तारा नीट आहेत का, एखादी वाकली आहे का, हे बघायला मी तो फोटो दोन बोटांनी मोठा केला. चाकाच्या मागे भिंत होती आणि भिंतीवर विजेचं सॉकेट होतं. गोल, आत खोलगट वाटीसारखं, दोन भोकांचं. आपल्याकडे तसलं सॉकेट नसतं. आपलं तीन भोकांचं. आमच्या शॉपमध्ये जर्मन मशीन आलं तेव्हा त्याचा प्लग कापून आपला बसवला होता, तेव्हा मी तिथेच उभा होतो. म्हणजे हे सॉकेट मला माहीत होतं. फोटो युरोपातल्या कुणाच्यातरी घरातला होता. मी ते सॉकेट पाहिलं. स्पष्ट आठवतंय, नजर त्यावर थांबली होती. आणि मी बोटांनी फोटो सरकवून परत चाकावर आलो.

कामावर शंभरातला एक खराब पीस मी काढून बाजूला ठेवतो. इथे एकच पीस होता आणि तो मी पास केला.

विकणाऱ्याकडे कागदावर आजची तारीख आणि तुमचं नाव लिहून तो गाडीशेजारी ठेवलेला व्हिडिओ मागा. फोटो नको, व्हिडिओ. दारं उघडताना, बॉनेट उघडताना. "नंतर पाठवतो" म्हणाला की तिथेच सोडा. मी मागितला होता. त्यानं सांगितलं, पॅकिंग झालंय, सील तोडायला नको. मला तेही पटलं, कारण पेटीचं सील मलाही जपायचं असतं.

बुकिंग दिलं, दुसऱ्या दिवशी उरलेली किंमत दिली. यूपीआयवर नाव भलतंच आलं. म्हणाला, दाजींचं खातं आहे. पडद्यावर आलेलं नाव आणि समोरच्यानं सांगितलेलं नाव जुळत नसेल तर पिन टाकू नका, दाजी असोत की सख्खा बाप. तिसऱ्या दिवशी कुरिअरच्या विम्याचे 3,200, 'गाडी पोचली की परत'. चौथ्या दिवशी फोन: पार्सल कोगनोळी नाक्यावर अडवलंय, महाराष्ट्रातून कर्नाटकात माल येतोय म्हणून 6,850 टॅक्स भरा, नाहीतर जप्त.

कोगनोळीवरून मी वर्षातून दहा वेळा जातो. अंबाबाईला जाताना, लग्नाकार्याला. जीएसटी 1 जुलै 2017 ला आला आणि विक्रीकराचे नाके उठले, हे सीमेवरच्या पोराटोरालाही ठाऊक आहे. तरी भरले, कारण तोपर्यंत 31,700 अडकले होते. अडकलेले पैसे सोडवायला माणूस आणखी पैसे घालतो, आणि ते या लोकांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

सहाव्या दिवशी पार्सल आलं. पावतीवर वजन 310 ग्रॅम. ही गाडी पेटीसकट किलोच्या वर जाते. हातात घेतल्याबरोबर पोटात गोळा आला, तरी मी सही केली. आत वर्तमानपत्राचे बोळे आणि जत्रेत मिळते तसली लाल प्लास्टिकची गाडी. उघडतानाचा व्हिडिओ काढला नाही. तुम्ही काढा, पेटीच्या सहाही बाजू दाखवून, पट्टी कापण्याच्या आधीपासून.

लाज वाटली म्हणून घरात तीन दिवस बोललो नाही. ते तीन दिवस सगळ्यात महाग पडले. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच तासात फोन लावायचा असतो, खात्यात पैसे असेपर्यंतच ते गोठवता येतात. मी लावला तेव्हा खातं रिकामं होतं.

मग पोलीस ठाणं. तक्रार मराठीत लिहून नेली होती, कन्नडमध्ये आणा म्हणाले. बाहेरच्या टायपिस्टला 150 रुपये दिले. परत गेलो तर म्हणे आयटी कायद्याचा तपास इन्स्पेक्टरच करतात, साहेब बंदोबस्तावर आहेत. "नाळे बर्री," म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशी तेच, "नाळे बर्री." चौथ्या खेपेला साहेब भेटले. त्यांनी विचारलं, पार्सल मिळालं का? मिळालं म्हटलं. मग वस्तू मिळाली आहे, वस्तूवरून तक्रार आहे, हा दिवाणी मामला झाला, ग्राहक मंचात जावा. 28,500 च्या गाडीऐवजी जत्रेतली गाडी पाठवणं याला फसवणूक म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? आणि नाक्याच्या नावानं घेतलेले 6,850 कुठल्या वस्तूचे? यावर उत्तर एकच: खातं कोल्हापूरचं आहे, कोल्हापूरला जावा.

गेलो. रजा टाकली, दिवसाचा पगार कापला, येऊन-जाऊन दोनशे किलोमीटरच्या वर. तिथे तासभर बाकावर बसवलं आणि सांगितलं, तुम्ही कर्नाटकात राहता, पैसे बेळगावातल्या बँकेतून गेले, गुन्हा तिथेच नोंदणार. एकानं तर वर विचारलं, "एवढी महागडी खेळणी घेताय कशाला?" माझ्या पैशाचं मी काय घ्यावं हे विचारायला मी तिथे गेलो नव्हतो. जन्मापासून सीमेवर राहतोय. पाट्यांची भाषा, सातबाऱ्याची भाषा, बसच्या काचा, सगळं सोसलंय. पण चोरानं पैसे नेल्यावर दोन राज्यांचे पोलीस मला एकमेकांकडे ढकलतील, असं वाटलं नव्हतं. चोराला सीमा आडवी आली नाही, मलाच आली.

झिरो एफआयआर म्हणून गोष्ट आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट आहे की हद्द कुणाचीही असो, ठाण्यानं माहिती नोंदवून घ्यायची. हे मला परत आल्यावर एका वकील मित्रानं सांगितलं. तुम्ही जाताना कलम पाठ करून जा, आणि नकार देत असतील तर नकार लेखी मागा. बँकेनं हात वर केले: पिन तुम्ही स्वतः टाकलात, आमची जबाबदारी नाही.

आज माझ्याकडे सायबर तक्रारीच्या पोर्टलचा एक पोच क्रमांक आहे आणि ती लाल गाडी आहे. बायकोनं टाकून द्या म्हटलं, मी पुरावा म्हणून पेटीसकट ठेवली आहे.

परवा तेच सहा फोटो दुसऱ्या एका ग्रुपवर आले. नाव वेगळं, नंबर वेगळा, किंमत 26,000, गाव सांगली. चौथा फोटो मोठा करून पाहा, चाकाच्या मागे भिंतीवर ते गोल सॉकेट आहे. मी खाली लिहिलं तर दहा मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं. त्या 722 साठी कुणी बुकिंग पाठवलं असेल तर हे वाचणं इथेच थांबवा आणि आधी 1930 लावा.